खापरपणजोबांचं खत आणि एकशे अठरा रुपये चार आणे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेले तीन-चार रविवार तुमच्या पुरवणीत घराण्यांच्या इतिहासावर लेख येतायत, सगळे वाचले, दोन-तीन कात्रणं पण काढून ठेवलीत. चांगले आहेत, पण खरं सांगू का, सगळ्यांत तेच ते, कुणाकडं सनद, कुणाकडं तलवार, कुणाचे पूर्वज पानिपतात पडले तर कुणाला चार गावचं इनाम. आमच्यासारख्यांनी काय करायचं ज्यांच्या घरात तलवार सोडा, दाराला धड कडी नव्हती? आमचे पूर्वज काय आकाशातनं पडले का? म्हणून हे पत्र. लांब झालंय मला माहितीय, कात्री लावायची तर लावा पण आकडे तेवढे काढू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

माझं दौंडला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, इतिहासाशी संबंध दहावीपुरता. गाव सुप्याकडं, आता बारामती तालुक्यात येतं, इंग्रजांच्या वेळी भीमथडी तालुका होता. गावात आमच्या घराला 'वहीजाळ्यांचं घर' म्हणतात. का, तर आमच्या खापरपणजोबांनी १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकाराची वही जाळली. ही गोष्ट मी लहानपणापास्नं दर जत्रेला ऐकत आलोय, माझे थोरले चुलते सांगायचे आणि दरवर्षी वही जाड होत जायची, शेवटी शेवटी तर दोन माणसांना उचलत नव्हती म्हणे. मग खापरपणजोबा तीन महिने डोंगरात लपले, फौजदार आला, त्यांच्या बायकोने सांगितलं मालक पंढरीला गेलेत, वगैरे वगैरे.

आता सुप्याचा दंगा खरा आहे, त्यात काही शंका नाही. बाजाराचा दिवस होता, आजूबाजूच्या गावची माणसं जमलेली, त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची घरं-दुकानं फोडली, कर्जाचे कागद काढून जाळले, आणि तिथनं हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात तीसच्या वर गावांत पसरलं. ९५१ माणसं पकडली. सरकारने कमिशन नेमलं त्याचा रिपोर्ट पार विलायतेच्या पार्लमेंटपुढं १८७८ ला गेला. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात, दोन परिच्छेद असतात, परीक्षेला चार मार्काला येतात. शिरूर तालुक्यातल्या करड्याला तर आदल्या डिसेंबरातच गावाने सावकारावर बहिष्कार टाकला होता, त्याच्याकडं कुणी कामाला जायचं नाही, पाणी भरायचं नाही. म्हणजे एका दिवसाचा राग नव्हता हा, आतनं धुमसत होतं.

२०१९ ला वडील गेले, आणि नंतर घर पाडून बांधायचं ठरलं तेव्हा माळ्यावरनं एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत लाल फडक्यात बांधलेले कागद. आई म्हणाली यातले वरचे बरेचसे मी चूल पेटवायला वापरले, कुणाला वाचता येत नव्हते तर काय करायचं ठेवून. तिला काय बोलणार. उरले ते सतरा कागद, मोडीत. मग लॉकडाऊन लागला, दुकान बंद, मी ऑनलाइन मोडीचा क्लास लावला, पोरं हसायची, बाबा वाकडंतिकडं गिरवत बसलेत म्हणून. मोडी अवघड नाही पण खट्याळ आहे, आधी आख्खी रेघ ओढायची आणि खाली लेखणी न उचलता लिहीत सुटायचं, शब्द कुठं तुटतो ते आपण ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घ तर नाहीच. वर शॉर्टफॉर्म, मौजेला 'मौ', राजश्रीला 'रा'. बापाचं नाव 'बिन' लावून. एका शब्दावर मी चार दिवस अडलो होतो, तो शेवटी 'बैल' निघाला, आमच्याच घरातले बैल आणि मला ओळखू येईनात.

तर सतरापैकी चार कागद म्हणजे खतं, कर्जाचे रोखे. स्टांपाचे कागद, वर राणीचं डोकं. मजकूर ठरलेला, शके अमुक, अमुकनाम संवत्सरे, ते दिवशी धनकोनाम हे, रिणकोनाम हे, कारणे खतपत्र लिहून दिले ऐसाजे. धनको म्हणजे पैसे देणारा सावकार, रिणको म्हणजे कर्ज घेणारा, इथं आमचे खापरपणजोबा. सही नाही, सहीच्या जागी एक छोटासा नांगर काढलाय आणि बाजूला कुलकर्ण्यांनी लिहिलंय 'निशाणी नांगर'. तेव्हा लिहिता न येणारे कुणबी अशी नांगराची खूण करायचे. साहेब, मी तो नांगर पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुकानातच होतो, एक गिऱ्हाईक पंपाची मोटर घेऊन उभं होतं, त्याला म्हणलं जरा थांबा. पाच पिढ्यांमागच्या माणसाच्या हाताची रेघ आहे ती, जरा थरथरलेली, नांगराचा फाळ उलट्या बाजूला वळलाय.

आता आकडे बघा. पहिलं खत शके १७८९ प्रभवनाम संवत्सर, म्हणजे १८६७, रुपये ४०, व्याज दरमहा शेकडा दोन. दुसरं शके १७९२, प्रमोद, म्हणजे १८७०, त्यात रक्कम लिहिलीय ६८ आणि पुढं तीन उभ्या रेघा. तिसरं शके १७९५, श्रीमुख, १८७३, रक्कम ११८ आणि पुढं एक उभी रेघ. मी त्या रेघा पूर्णविराम समजून सोडून दिल्या होत्या. क्लासच्या सरांना फोटो पाठवला तर ते म्हणाले अहो ते पाव-पाऊण आहेत, एक रेघ म्हणजे पाव रुपया चार आणे, तीन म्हणजे पाऊण, बारा आणे. मग मी कॅल्क्युलेटर घेतला. चाळीसवर दोन टक्क्याने तीन वर्षांचं व्याज धरा, अडुसष्ट रुपये बारा आणे, वर नऊ-दहा पै सोडलीत. त्या अडुसष्ट-बारावर परत तीन वर्षं लावा, बरोब्बर एकशे अठरा रुपये चार आणे!! म्हणजे मधे नवा पैसा एक छदाम घेतलेला नाही. चाळीसचे एकशे अठरा नुसते खत बदलून झाले.

आणि दर तीन वर्षांनीच का बदललं, तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीनच वर्षं चालायचं. कायदा केला होता शेतकऱ्याचं व्याज फुगू नये म्हणून. झालं उलटं, मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिसळून नवं खत लिहून घ्यायचा, आता त्या नव्या मुद्दलावर व्याज. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच घरातले तीन कागद फरशीवर शेजारी शेजारी मांडून बेरीज जुळणं वेगळं. १८६७ म्हणजे कोणता काळ तेही बघा, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि इकडं शेजारच्या इंदापुरात तीस वर्षांची जुनी मोजणी संपून १८६७ पास्नं सारा वाढला, पाठोपाठ आमच्या भीमथडीतही. तेव्हा चाळीस रुपये कशाला लागले हे खतात लिहिलंय, 'बैलजोडीकारणे व सरकारसाऱ्याकारणे'.

आता खरी गोम. कर्ज फिटलं की सावकार खत परत देतो आणि देताना ते वरनं फाडतो, म्हणजे ते मेलं. नवं खत लिहिलं की जुनं तसंच फाडून देतो. आमची पहिली दोन खतं तशी वरनं फाटलेली आहेत, बरोबर. तिसरं, १८७३ चं, ११८ रुपये ४ आण्याचं, धडधाकट आहे. फाडलेलं नाही, मागच्या बाजूला भरणा केल्याची एक ओळ नाही. मे १८७५ ला हे खत चालू होतं. ते सावकाराच्या पेटीत असायला पाहिजे होतं. आमच्या ट्रंकेत कसं आलं?

म्हणजे खापरपणजोबांनी वही जाळलीच नाही. खत उचलून घरी आणलं. किंवा उचललं पण नसेल, कमिशनच्या रिपोर्टात आहे की बऱ्याच ठिकाणी सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथं लोकांनी त्याला हातही लावला नाही, लोकांना कागद पाहिजे होते, मारामारी नको होती. कसंही असो, पण आणलं, आणि जाळलं नाही. का नाही जाळलं? मला वाटतं वाचता येत नव्हतं म्हणून. नांगर तर सगळ्याच खतांवर असणार, हा आपलाच नांगर कशावरनं? उद्या कुणी विचारलं तर दाखवायला असावं म्हणून ठेवलं असेल. माझी बायको म्हणते तुम्ही लाइटबिलं पंधरा पंधरा वर्षं ठेवता ते त्यांच्यावरच गेलंय.

हे मी थोरल्या चुलत्यांना सांगितलं, ते तेव्हा हयात होते, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे जाळली नाही म्हणतोस? मग आपल्या घराचं नाव काय बदलायचं का आता." त्यांना माझं शोधकाम आवडलं नाही.

चौथं खत तर मी त्यांना दाखवलंच नाही. शके १८०३ वृषनाम संवत्सर, म्हणजे १८८१. दंग्यानंतर १८७९ ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद, कोर्टाने खताच्या मागं जाऊन खरं मुद्दल किती ते तपासायचं, आणि खत लिहायचं ते गावच्या रजिस्ट्रारसमोर. आमचं चौथं खत तसंच आहे, रजिस्ट्रारच्या शेऱ्यासकट, सगळं कायदेशीर. रुपये ६०, विहिरीचं रान गहाण. फक्त धनको आता गुजर नाही, मारवाडी नाही. आमच्याच भावकीतला आहे. आणि त्याचं नाव मला ओळखीचं वाटलं म्हणून मागची खतं काढली, तर १८७३ च्या खतावर साक्षीला हाच! ज्याने सावकाराच्या कागदावर साक्ष घातली तोच आठ वर्षांनी सावकार. नवीन कायद्याने बाहेरच्या सावकारांनी हात आखडता घेतला आणि त्यांच्या जागी गावातलेच तालेवार कुणबी व्याजाला पैसे द्यायला लागले असं इतिहासकार लिहितात, ते आमच्याकडं नावानिशी आहे. विहिरीचं रान अजून त्यांच्याकडंच आहे, तिथं आता ऊस आहे. आणि आमच्या घरात पाच पिढ्या गोष्ट सांगितली जाते ती सुप्याच्या वाण्याची. भावकीचं नाव कुणी काढत नाही, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसतो ना आम्ही.

दंगा १८७५ ला आणि लगेच पुढच्या वर्षी पाऊस गेला, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. आमच्या आत्या सांगायच्या की खापरपणजी मनमाड लायनीवर माती टाकायला होती. दौंड-मनमाड रेल्वे दुष्काळी कामातच झाली, १८७८ ला सुरू, नीरेच्या कालव्याचं खोदकामही त्यातलंच. १८७७ च्या सुरवातीला सरकारने मजुरी कापली, दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे यावर माणसाने माती उपसायची, तेव्हा हजारो माणसं काम टाकून निघून गेली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारला पत्रावर पत्रं लिहीत होती. त्यात ही बाई होती का नव्हती, आत्याच्या शब्दापलीकडं माझ्याकडं काही नाही. तिचं नावही नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, कोतवाल बुकात, तिच्या मृत्यूची नोंद आहे ती 'अमक्याची बायको' एवढीच. खापरपणजोबांची मात्र नावासकट आहे, १९०० साल, वय अदमासे ५५, कारण पटकी, म्हणजे कॉलरा.

हे कोतवाल बुक बघायला मी एका कचेरीत सहा वेळा गेलो. पाच वेळा साहेब नव्हते, सहाव्यांदा शिपाई म्हणाला तुम्हीच शोधा, खोली दाखवली, खिडकीला काच नाही, गठ्ठ्यांवर कबुतरं. १८८० च्या दशकातली दोन बुकं वाळवीने अशी पोखरलीत की उचलली की भुगा. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापास्नं मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आलाय, आणि एका अर्थी चांगलंच झालं, कधी नव्हे ते गठ्ठे उघडले. पण बघतात काय तर एकच शब्द. माझ्या पुतण्याने आमच्या खताचा फोटो मागितला, मी हौसेने चारी खतं पाठवली, व्याजाचा हिशोब समजावून लांबलचक मेसेज लिहिला. त्याने 'जात कुणबी' एवढी ओळ क्रॉप करून ठेवली आणि मला अंगठा पाठवला. त्याची गरज खरी आहे, पोराच्या ॲडमिशनचा प्रश्न, मी नावं ठेवत नाही. पण साहेब, त्या ओळीच्या खाली बारा ओळी आहेत हो.

नाशिकचं पण सांगून टाकतो. कुणीतरी म्हणालं तीर्थोपाध्यायांकडं वह्या असतात, म्हणून गेलो. गाव, जात, आडनाव एवढंच विचारलं आणि वीसेक मिनिटांत पान काढून पुढं ठेवलं, आपल्या कचेऱ्यांनी यांच्याकडं ट्रेनिंग घ्यावं. शके १८२२ शार्वरीनाम संवत्सर, पणजोबा बापाच्या अस्थी घेऊन आलेले. येताना कसे आले असतील, दौंडहून मनमाडच्याच गाडीने ना, जिच्या लायनीवर आईने माती टाकली. नोंदीत एक धाकटा भाऊ आहे, नावापुढं 'मुंबईस', तो आमच्या घरात कुणाला माहितीच नाही. आणि खाली पणजोबांची सही. नांगर नाही, सही, बाळबोध, मोठ्ठाली अक्षरं, आडनावात एक काना जास्त. उपाध्ये म्हणाले तुम्ही पण करा खाली. मी केली, पण माझा हात त्यांच्यापेक्षा जास्त थरथरला.

माझ्या दुकानाशेजारी एक कापडवाले आहेत, गुजराती, शाळेपास्नंचा मित्र. त्यांचं मूळ घर सुप्याचं. त्याला तिसरं खत दाखवलं, त्याच्या वडिलांनी चष्मा लावून धनकोचं नाव माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले हे आमच्या चुलत घरातले. त्यांच्या घरातही १२ मे ची गोष्ट आहे! त्यांच्यात ती अशी, की घरातली बाई तान्हं पोर घेऊन मागच्या दाराने निघाली आणि एका कुणब्याच्या गाडीत कडब्याखाली लपून रातोरात दुसऱ्या गावाला पोचली. तो गाडीवाला कोण, नाव नाही. माझा मित्र ते खत हातात घेऊन बराच वेळ बघत बसला, मला वाटलं वाईट वाटलं की काय, तर म्हणतो, "ते सगळं ठीक, माझे एकशे अठरा रुपये कधी देतोस? व्याज सोडलं जा."

तर माझी विनंती एवढीच की तुमच्या पुरवणीत जिथं सनदा छापता तिथं एक चौकट अशी छापा की माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं मोडीचे कागद असतील तर रद्दीत, चुलीत, नदीत टाकू नका, वाचता येत नसले तरी आधी मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे काढा, मागच्या बाजूलाच भरणा लिहिलेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम धरतो, सुती फडकं बरं. आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, आमच्या सोळाव्या कागदाचं मी स्वतः उत्साहाच्या भरात करून घेतलं, आता त्याच्या घडीतली अक्षरं कुणाच्या बापाला वाचता येत नाहीत. तुमच्या वाचकांत मोडी जाणणारे कितीतरी निवृत्त लोक असतील, त्यांची नावं-नंबर त्यांना विचारून छापलेत तर लोकांचं एजंटांना ओळीमागं पैसे देणं तरी थांबेल.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
दौंड, जि. पुणे

ता. क. मागच्या लक्ष्मीपूजनाला मित्राच्या दुकानात वहीपूजन होतं तेव्हा मी खरंच ११८ रुपये नेऊन दिले. त्याच्या वडिलांनी नव्या वहीत माझ्या खापरपणजोबांच्या नावाने जमा लिहून घेतले. चवली-पावली कुठनं आणणार, चार आणे तर २०११ लाच चलनातनं गेले, म्हणून त्यांनी पुढं एक उभी रेघ काढून बाकी ठेवलीय.